तिसऱ्या गटातला तीन

जिनिव्हा नावाचं एक गाव आहे. तिथल्या तळ्याला म्हणे बाराही महिने पाणी असतं. अशा गावात बसून जगभरच्या हवामानवाल्यांनी ठरवलं, की हवामानाच्या तारा पाठवायची आजवरची रीत गबाळी झाली. ती एक जानेवारी एकोणीसशे ब्याऐंशीपासून साऱ्या पृथ्वीवर बदलायची. आणि त्यामुळं शेळगाव थडीच्या ग्यानोबा पाटलांना देविदास गुरुजींच्या ओसरीवर बसून चहा प्यावा लागला. ह्या दोन घटनांच्या मध्ये सात महिने आणि एक दुष्काळ एवढंच काय ते आलं.

शेळगाव थडी हे लातूर-नांदेड रस्त्यापासून आत, जळकोटच्या अंगाला. थडी म्हणजे नदीकाठ. नदी त्या साली नुसती नकाशावर होती. देविदास गुरुजी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि सकाळी साडेआठ व संध्याकाळी साडेपाच अशा दोन वेळांना पंधरा-पंधरा मिनिटांपुरते भारत सरकार व्हायचे. हुद्दा, अर्धवेळ हवामान निरीक्षक. शाळेच्या मागं, बौद्ध वस्तीला लागून, तारेच्या कुंपणात एक जाळीची पांढरी पेटी होती, तिच्यात उष्णतामापक. खांबावर वाऱ्याचा बाण. आणि जमिनीत रोवलेलं पर्जन्यमापक, म्हणजे वर नरसाळं आणि आत बाटली. गाव ह्या सगळ्याला मिळून 'हवेची पेटी' म्हणायचं आणि मतपेटीवर ठेवावा तेवढाच तिच्यावर विश्वास ठेवायचं.

गुरुजींनी नऊ वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. मेव्हणीचं लग्न मुरुडला होतं, तर संध्याकाळचं निरीक्षण घेऊन निघाले आणि सकाळच्या निरीक्षणाला परत हजर. मधल्या वेळात मेव्हणीचं लग्न लागून गेलं म्हणे. त्यांनी काही पाहिलं नाही, बसची वेळ बघत होते.

तर जानेवारीत नव्या कोडाचं पुस्तक आलं. इंग्रजीत होतं, आणि तेही असं, की एका पानावर नियम सुरू व्हायचा आणि पुढच्या पानावर 'वरील बाब सोडून' म्हणून संपायचा. पुस्तकाच्या मागोमाग शुद्धिपत्रकं यायला लागली. अमक्या पानावरची तमकी ओळ कापावी, ही चिकटवावी. पहिलं शुद्धिपत्रक आलं, त्यानंतर एकदम तिसरं आलं. तिसऱ्यात लिहिलं होतं की दुसऱ्यातली दुरुस्ती रद्द समजावी. दुसरं काही आलंच नव्हतं. तेव्हा गुरुजींनी, न झालेली दुरुस्ती मनातल्या मनात रद्द केली आणि तसं वहीत लिहून सही केली.

चिकटवायला खळ लागायची. ती यशोदाबाई करून द्यायच्या, ज्वारीच्या पिठाची.

"घरात पीठ मोजून काढून राहिले मी," त्या म्हणायच्या, "आन् तुमचं हे पुस्तक रोज वाटीभर खाऊन राहिलंय."

"हे जगाचं काम आहे, यशोदा."

"जगाला म्हणाव, पीठ पाठव."

एप्रिलपर्यंत पुस्तक दुप्पट जाड झालं होतं आणि खळीच्या वासानं आलेल्या झुरळांनी त्यातल्या पाच-सहा दुरुस्त्या परस्पर रद्द केल्या होत्या. पण गुरुजी हटले नाहीत. मे महिन्यात त्यांना सगळं पाठ झालं. आभाळ, वारा, ऊन, दृष्टी किती लांब पोचते, सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत बसवायचं. त्यातल्या तिसऱ्या गटाचा पहिला आकडा पावसाचा. पाऊस पडला असेल तर एक, आणि किती पडला त्याचा वेगळा गट पुढं. पडलाच नसेल तर तीन, आणि पुढचा गट गाळायचा. मोजलाच नसेल तर चार, आणि पुढचा गट गाळायचा. एवढं सोपं. त्या साली शेळगावला पहिला नियम वापरायची पाळीच येत नव्हती. रोज तीन.

आता हे तीन जर गुपचूप गेले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण शेळगावच्या पोस्टात तारेचं यंत्र नव्हतं. पोस्टमास्तर गुरुबसप्पा टेलिफोनचा दांडा फिरवायचे आणि तालुक्याच्या तारमास्तरला आकडे ओरडून सांगायचे. लाइन अशी, की इथं ओरडलेलं तालुक्याला फोनविना ऐकू जावं आणि फोनवरून जाऊ नये. पोस्टासमोरच लिंबाखाली एसटीचा थांबा. त्यामुळं रोज सकाळी पावणेनऊला, बाजाराला, कोर्टाला, पोरगी बघायला निघालेल्या साऱ्या गावाला निघतानाच ऐकू यायचं, "तिसरा गट! पहिला आकडा तीन! तीन हो, तीन! एक, दोन, तीनमधला तीन!"

हा असा मुलूख, की जिथं तिघं मिळून सोयरिकीला जात नाहीत. ताटात तीन भाकरी वाढत नाहीत. वाढायची पाळीच आली तर तिसरीसोबत एक चतकोर मोडून ठेवतात आणि मग ज्याला जेवायचं त्यानं जेवावं. तिथं रोज सकाळी सरकारी आवाजात तीन. आणि तोही तिसऱ्या गटात.

जूनमध्ये एक शिंतोडा आला, तो पेरणीला फसवण्यापुरता. मग आभाळ जे कोरडं पडलं ते जुलै अर्धा झाला तरी तसंच. आधी बोलल्या त्या धुरपताबाई, ग्यानोबा पाटलांच्या आत्या. त्या नातीच्या सोयरिकीसाठी औशाला निघाल्या होत्या. बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "तीन!" सोयरीक मोडली. पोराकडच्यांना मुलगी दहावी पास पाहिजे होती आणि ही सातवीत शाळेला रामराम करून बसलेली, हे कारण असू शकेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"पाऊस कसा पडंल?" धुरपताबाई लिंबाखाली म्हणाल्या. "सकाळच्या पारी तीन तीन म्हणून आरडतेत. मेघराजा काय बहिरा हाय का?"

दुसऱ्या दिवसापासून गुरुबसप्पांना लोक थांबवायला लागले. ते घाबरून गुरुजींकडं आले.

"गुरुजी, ह्या तीनचं काय तरी करा बघा. आकडा तुमचा, आन् तोंड माझं. लोक माझ्या तोंडाकडं बघू लागलेत."

"अहो गुरुबसप्पा, हा आंतरराष्ट्रीय आकडा आहे. जपानातसुद्धा तीनच म्हणतात."

"जपानात पाऊस पडतो की हो," गुरुबसप्पा म्हणाले.

गुरुजी शाळेत अंधश्रद्धेवर दर शनिवारी भाषण द्यायचे. मांजर, शिंक, लिंबू-मिरची, सगळ्यांचा त्यांनी समाचार घेतलेला. त्या शनिवारी त्यांनी तीन ह्या आकड्यावर पाऊण तास बोलून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सुट्टीत तिघंतिघं मिळून पाणी प्यायला जायचं टाळलं.

आणि मग सोमवारी ती मंडळी आली.

बौद्ध वस्तीतल्या गुरुजींच्या घराला ओसरी होती. त्या ओसरीवर नऊ वर्षांत गावातलं कुणी बसलं नव्हतं. काम असलं की लोक रस्त्यावरूनच हाक मारायचे, "ओ मास्तर!", आणि मास्तर उठून रस्त्यावर जायचे. ह्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही, म्हणजे रस्त्यावरच्यांना वाटायचं नाही. त्या दिवशी मात्र ग्यानोबा पाटील, त्यांचे चुलतभाऊ केरबा आणि दुकानदार पंढरी असे तिघं थेट आत आले. बरोबर नरसिंग होता. नरसिंग म्हणजे पाटलांचा पन्नाशीचा सालगडी. काम खरं तिघांचंच होतं. नरसिंगला आकडा मोडायला वाटेतून उचलून आणलं होतं.

"बसा," गुरुजी म्हणाले, आणि पाटील बसले. खाली, सतरंजीवर, मांडी घालून.

आत यशोदाबाईंनी चहा टाकला. घरात कप चार. एकाचा कान तुटलेला. चारही बशीत ठेवून त्यांनी बाहेर आणले आणि कपांकडं न बघता पाटलांकडं बघत उभ्या राहिल्या. पाटील कपाकडं बघत होते. केरबा पाटलांकडं. पंढरीनं आपल्याला आम्लपित्त आहे असं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नरसिंगनं कान तुटलेला कप उचलून बशीत ओतून फुर्र केलं आणि म्हणाला, "लई भारी झालाय वैनी."

मग पाटलांनी कप उचलला. मग बाकीच्यांनी. आम्लपित्त बरं झालं.

"गुरुजी," पाटील म्हणाले. मास्तर नाही, गुरुजी. "तुमी शिकल्यालं मानूस. तुमाला आमी काय सांगावं? पर गावाचं मन हाय. तेवढा तीन काडा."

"पाटील, तो काढता येत नाही. तिथं आकडा लागतोच."

"मग दुसरा घाला. त्या आकड्याच्या बाजूला काय ऱ्हातंय?"

"चार."

"मग चार घाला की! एवढं काय त्यात! वैनी, आनखी जरा साखर हाय का?"

गुरुजींना त्या क्षणी नक्की काय झालं ते त्यांनी पुढं कितीतरी दिवस स्वतःला विचारून पाहिलं. विज्ञान तिथंच होतं. शनिवारचं भाषण अजून घशात होतं. पण ग्यानोबा पाटील त्यांच्या घरात दुसऱ्यांदा साखर मागत होते. गुरुजी म्हणाले, "बघतो."

मंडळी गेली. यशोदाबाई कप विसळत म्हणाल्या, "लई स्वस्तात गेलात."

"हे बघ, गट तसाही गाळायचाच आहे. पाऊस नाही म्हणून गाळला काय आणि मोजला नाही म्हणून गाळला काय, गाळलेला गट दोन्हीकडं सारखाच दिसतो. ही अंधश्रद्धा नाही. हा लोकसंपर्क आहे."

"मी काय म्हणाले का?" यशोदाबाई म्हणाल्या. असं त्या म्हणाल्या की गुरुजींना जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पाऊस मोजला. नरसाळं काढलं, बाटली बघितली, वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, शून्य पूर्णांक शून्य. आणि तारेच्या कागदावर लिहिलं, चार. पोस्टातून आवाज आला, "तिसरा गट! पहिला आकडा चार!" लिंबाखाली कुणीतरी चक्क टाळी वाजवली.

आणि दुर्दैव बघा, तिसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं. काळंकुट्ट. सारं गाव बाहेर. धुरपताबाई लुगड्याचा पदर पसरून उभ्या. "गुरुजींनी चार केलं आन् ढग आलं!" ज्यानं नऊ वर्षं मांजराची बाजू घेतली, त्याच्या नावानं आता चमत्कार लागला. गुरुजींना तोंड कुठं लपवावं कळेना. सुदैवानं संध्याकाळी वारा फिरला आणि सगळे ढग बदली झाल्यासारखे नांदेडच्या बाजूला निघून गेले. तिकडं ते चांगले बरसले म्हणे. शेळगावात फक्त दोन वाळवणं उडाली. गावानं तर्क लढवला, की एका चारानं एवढं होतं तर थोडा धीर धरला पाहिजे. झालं, चार कायम.

पंधरा ऑगस्टला लातूरचा नवा जिल्हा झाला. भाषणं, कमानी, बत्ताशे. नव्या जिल्ह्याला पाऊस सोडून सगळं मिळालं. गुरुजींच्या वाट्याला पाच रबरी शिक्के आले. प्रत्येक कागदावर जुना उस्मानाबाद खोडून लातूर मारायचं. आणि महिनाअखेरीला वरून पत्र आलं: 'आपल्या केंद्रावरील पर्जन्यमापक दीर्घकाळ नादुरुस्त असल्याचे दिसते. कारण कळवावे.'

गुरुजींनी लगेच कळवलं, मापक दुरुस्त आहे. वरच्यांनी बहुधा त्यातला 'दुरुस्त' एवढाच शब्द बघितला आणि दुरुस्ती करता करता नवंच पाठवायचं मंजूर केलं. दहा दिवसांनी नांदेडहून कार्ड आलं. मापक एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात येऊन पडलं आहे, घेऊन जावे.

गुरुजी रविवारी नांदेडला गेले. गोदामाच्या कारकुनानं पावती बघितली, गुरुजींचं पत्र बघितलं, आणि दोन्ही परत केली.

"माल शेळगाव थडी, जिल्हा उस्मानाबादचा हाय. तुमी शेळगाव थडी, जिल्हा लातूरचे."

"गाव एकच आहे."

"तसं लिहून आणा."

"कुणाकडनं?"

कारकुनानं खरंच विचार केला. माणूस वाईट नव्हता. "दोन्ही जिल्ह्यांकडनं," तो म्हणाला. शेवटी नांदेडला शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मामा गोदामात हमाल निघाला म्हणून मापक सुटलं. गुरुजी ते डोक्यावर घेऊन एसटीत चढले. चांगलं हातभर रुंदीचं नरसाळं. शेजारचा म्हणाला, "गिरणीचं हाय का?"

"पाऊस मोजायचं आहे."

मागून कुणीतरी अगदी आदरानं विचारलं, "कुठल्या गावचा?" आणि मग कंधार येईपर्यंत गाडी हसत राहिली. ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं. गुरुजी नरसाळं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नांदेडची हिरवी रानं होती, ती बघवेनात म्हणून त्यांनी डोळे मिटले.

आता केंद्रावर दोन मापकं झाली. जुनं परत करायला ते मोडल्याचा दाखला पाहिजे, आणि ते मोडलेलं नव्हतं. दोन्हींत मिळून पाऊस शून्य.

सप्टेंबरात टंचाईच्या गावांची यादी लागली. यादीत असणाऱ्या गावाला टँकर आणि रस्त्याचं काम. शेळगावच्या विहिरींत एव्हाना बादली टेकल्याचा आवाज यायचा. वस्तीतल्या बाया सव्वा कोसावर झऱ्याला जायच्या, वरच्या आळीतल्याही जायच्या, फक्त वेगळ्या वाटेनं. यादीत डावीकडचं गाव होतं, उजवीकडचं होतं. शेळगाव थडी नव्हतं.

पाटील लातूरला गेले, आणि आले ते थेट लिंबाखाली उभे राहिले. "सायेब म्हणला, तुमच्या गावात पाऊस न्हाई पडला ह्याला पुरावा काय? मी म्हणलं, गाव हाय की! तर म्हणला, गाव पुरावा नसतंय. तुमचा मास्तर दोन महिने लिवून ऱ्हायलाय की मी पाऊस मोजलाच न्हाई. मग त्यांनी शेजारच्या हवेच्या पेट्यांची सरासरी काडली. नांदेडकडचा पाऊस आपल्या नावावर पडलाय!" मग आवाज चढला. "सरकार ह्या मास्तरला सांगतंय पाऊस मोज, आन् ह्ये घरात झोपा काडून राहिलाय!"

गुरुजी पोस्टाच्या पायरीवर उभे होते, हातात सकाळची तार. लिंबाखालून सगळे त्यांच्याकडं बघत होते. केरबा जमिनीकडं बघत होता. पंढरीला दुकान उघडं राहिल्याचं आठवलं.

गुरुजी घरी आले आणि नऊ वर्षांच्या वह्या काढून बसले. जेवले नाहीत. यशोदाबाईंना टोमणा मारता आला असता, तयारही होता, पण त्यांनी मारला नाही. म्हणाल्या, "उद्या स्वतः जावा लातूरला. वह्या घेऊन."

लातूरला नव्या कचेरीत खुर्च्या आल्या होत्या, कपाटं यायची होती. त्यामुळं फायली खुर्च्यांवर आणि माणसं उभी. अव्वल कारकून माणिकप्पांनी वही पानापानानं बघितली. रोज सही, रोज शून्य पूर्णांक शून्य.

"वही म्हणते शून्य. तार म्हणते मोजला नाही. दोन्हींवर सही तुमची. मी कुणाला खरं धरू?"

"वहीला."

"मग तार चुकली म्हणता. एक दिवस चुकली तर चूक. दोन महिने चुकली म्हणजे हलगर्जीपणा. आणि हलगर्जी माणसाची वही पुरावा कशी होईल?" त्यांनी चष्मा काढला. "गुरुजी, कारण असलं तर सांगा. साक्षीदारानिशी. मग वही टिकते, आणि गाव यादीत बसतं. नसलं तर गावही गेलं आणि तुमचं केंद्रही गेलं."

गुरुजींनी कारण सांगितलं. ते सांगताना त्यांना शनिवारची सगळी भाषणं एकामागून एक आठवली. माणिकप्पा हसले नाहीत. त्याचा गुरुजींना जास्त त्रास झाला.

गुरुवारी माणिकप्पा चौकशीला शेळगावला आले. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. गाव जमलं. माणिकप्पांनी विचारलं, "पाटील, गुरुजींच्या घरी जाऊन तुम्ही आकडा बदला असं सांगितलं होतं?"

आता इथं पाटलांची अडचण समजून घेतली पाहिजे. हो म्हणावं तर टँकर. पण हो म्हणायचं म्हणजे गुरुजींच्या घरी गेलो, बसलो, हे चारचौघांत म्हणायचं. आणि पडवीच्या पायरीशी त्यांचे व्याही बसले होते, जे असल्या बाबतीत फार कडक.

"आमी?" पाटील म्हणाले. "आमी कशाला जातोय तिकडं? मास्तरला रस्त्यावर बोललो असंल कदी."

"केरबा?"

"मी त्या टायमाला गावात नव्हतो."

पंढरीनं आम्लपित्ताबद्दल काहीतरी सांगितलं. गुरुजींनी वही मिटली. माणिकप्पांनी पेनचं टोपण लावायला घेतलं.

"म्या होतो की," मागून आवाज आला. नरसिंग उभा राहिला होता. त्याला वाटलं आपल्याला विचारायचं राहून गेलंय. "चौघं होतो आमी. मालक, केरबा, पंढरीशेट आन् मी. सतरंजीवर बसलो. मालक म्हणले, तीन काड, चार घाल. चहा झाला. माझ्या कपाला कान नव्हता."

व्याह्यांनी मान वळवून पाटलांकडं बघितलं.

"मालक, तुमी साखर मागितली," नरसिंगनं आठवण करून दिली. "दोनदा."

गर्दीच्या कडेला यशोदाबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा मागितली असती तर दिली नसती. नव्हती घरात."

आधी बाया हसल्या. मग धुरपताबाई उठल्या. सकाळी झऱ्यावर त्यांची घागर अर्धीच भरली होती. "ग्यानोबा," त्या म्हणाल्या, "मला टँकर पायजे. तू गेला होतास का न्हाई ते मला ठाव न्हाई. पर गेला होतास."

पाटलांनी एकदा व्याह्यांकडं बघितलं, एकदा आत्याकडं, आणि मग आभाळाकडं, तिथंही काही मदत नव्हती. "हाव," ते म्हणाले. "गेलो होतो."

माणिकप्पांनी भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं: "आम्ही खाली सही करणार चौघे, देविदास गुरुजी यांच्या राहत्या घरी गेलो, तेथे सतरंजीवर बसून चहा घेतला, व आकडा बदलण्याची विनंती केली."

"सायेब," पाटील हळू आवाजात म्हणाले, "आकड्याचं बरुबर हाय. चहाचं तेवढं गाळा. त्याचं काय काम हाय त्यात?"

माणिकप्पांना घाई होती. त्यांनी पेन चहावर नेलं. "गाळू या. काय गुरुजी?"

गुरुजींनी मिटलेली वही पुन्हा उघडली. "राहू द्या साहेब," ते म्हणाले. "झालं तसं नोंदवायचं असतं. मी एकदा गाळून बघितलं. सगळ्या गावाला महागात पडलं."

पाटलांनी सही केली. केरबानं केली, पंढरीनं केली. नरसिंगनं अंगठा दिला आणि शाई धोतराला पुसली.

यादी दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले, कारण शेळगावचा कागद एकदा उस्मानाबादला जाऊन आला. टँकर आला तेव्हा ड्रायव्हरच्या हातात हुकूम होता: 'शेळगाव थडी, पर्जन्यमापकाचे ठिकाण.' कचेरीच्या फायलीत ह्या गावाचा तेवढाच एक पत्ता होता. टँकर पाटलांचा वाडा ओलांडून, चावडी ओलांडून, शाळेला वळसा घालून बौद्ध वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबला. पाटील मागं मागं चालत आले.

"वर घ्या गाडी. चावडीपाशी."

"कागदावर ह्ये हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"बदलून देऊ कागद."

गुरुजी कुंपणात उष्णतामापक बघत होते. "बदलता येईल पाटील," ते म्हणाले. "अर्ज करावा लागेल. लातूरला, नाहीतर उस्मानाबादला. कुठं ते अजून ठरलं नाही."

वरच्या आळीतल्या बाया घागरी घेऊन उतरल्या आणि ओळीत लागल्या. दुसरा इलाजच नव्हता. ओळ कुंपणाला वळसा घालून पार शाळेच्या दारापर्यंत गेली. यशोदाबाईंच्या मागं योगायोगानं पाटलीणबाई. काही वेळानं घरातून करपल्याचा वास आला, तशा यशोदाबाई घागर ओळीत ठेवून आत पळाल्या. ओळ पुढं सरकली. घागर तिथंच. मागून बायांचा गलका, "सरका की! सरका!"

पाटलीणबाईंनी घागरीकडं बघितलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग वाकून दोन्ही हातांनी यशोदाबाईंची घागर उचलली, चार पावलं पुढं नेऊन ठेवली आणि मग आपली आणायला मागं वळल्या.

कुंपणाच्या आत गुरुजी पेटीचं दार उघडं धरून उभे होते. पारा किती होता ते त्यांनी बघितलं होतं, पण आता आठवेना. परत बघितलं. परत विसरले.

पोस्टात पोचायला नऊ वाजून दहा मिनिटं झाली. गुरुबसप्पा दांड्यावर हात ठेवून बसले होते.

"अय्यो गुरुजी! पंचवीस मिनिटं लेट! नऊ वर्षांत पहिल्यांदा! वरून पत्र येईल बघा, खुलासा मागतील."

"मागू दे," गुरुजी कागद पुढं सरकवत म्हणाले. "ह्या वेळी निवांत लिहून देईन."